ओले मैदान आणि शेजाऱ्याचा पाय



पावसाळा लागला की आपल्या वसई पट्ट्यात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. शेतात भातलावणी आणि मोकळ्या जागेत फुटबॉल. शाळेचे मैदान असो की देवळामागची पडीक जागा, रविवारी संध्याकाळी तेथे चेंडू उडतो. केवळ शाळा-कॉलेजातील मुलेच नव्हेत, तर तिशी-चाळिशी ओलांडलेली, आठवडाभर विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारी, वाडीत राबणारी, रिक्षा चालवणारी मोठी माणसेही चिखलात उतरतात. घरी आल्यावर त्या कपड्यांचे काय होते, हे त्यांच्या पत्नींना विचारावे!

या खेळाविषयी लघु ख्रिस्ती समूहांच्या सभांत आम्हांला दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. पहिला प्रश्न असा की, मुलाबाळांच्या बापांनी असे चिखलात खेळावे का? हा वेळेचा अपव्यय नव्हे काय? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ओल्या मैदानावर कोणी जखमी झाला, तर दोष कोणाचा? पावसाचा की माणसाचा? या दोन्ही प्रश्नांचा आज आपण ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या प्रकाशात अभ्यास करू या.

खेळ हाही सद्गुणाचा विषय

खेळ म्हणजे लहान मुलांचे काम, मोठ्यांनी त्यात रमणे बरे नव्हे, असा विचार धार्मिक माणसाच्या मनात सहज येतो. परंतु ख्रिस्तसभेचे महान आचार्य संत थॉमस अ‍ॅक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी तसे मानले नाही. आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात त्यांनी सरळ प्रश्न घेतला की, खेळाच्या बाबतीत सद्गुण असू शकतो का? त्यांचे उत्तर आहे, होय. शरीर जसे श्रमाने थकते, तसे मनही थकते, आणि मनाची विश्रांती आनंदात असते. म्हणून योग्य प्रकारे खेळणे हा सद्गुण आहे. त्यासाठी ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने वापरलेला ‘युट्रॅपेलिया’ हा शब्द त्यांनी स्वीकारला. प्रसंग ओळखून हसता-खेळता येणे, असा त्याचा आशय आहे.

संत थॉमस तेथे एक जुनी कथा सांगतात. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेले पाहून काही लोकांना वाईट वाटले. तेव्हा योहानाने त्यांच्यातील धनुष्य बाळगणाऱ्या एका माणसाला बाण सोडायला सांगितले. त्याने बरेच बाण सोडल्यावर योहानाने विचारले, “तू असेच सतत करीत राहशील काय?” तो म्हणाला, “तसे केले तर धनुष्य मोडेल.” संत योहानाने त्यास दाखवून दिले की, माणसाचे मनही कधी सैल सोडले नाही तर असेच मोडते.

एवढे सांगून संत थॉमस थांबत नाहीत. खेळाचा अतिरेक जसा दोष, तसा खेळाचा पूर्ण अभाव हाही दोष आहे, असे ते म्हणतात. जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालतो, तो लोकांना भार होतो. घरात सदैव कपाळाला आठ्या घालून बसणाऱ्या वडिलधाऱ्यांनी यावर अवश्य विचार करावा.

‘हौशी खेळाडू’ या शब्दाकडेही जरा लक्ष देऊ या. इंग्रजीत त्याला ‘अ‍ॅमॅच्युअर’ म्हणतात. तो शब्द फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचे मूळ ‘प्रेम करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. हौशी खेळाडू म्हणजे पैशासाठी नव्हे, तर आवडीपोटी, प्रेमापोटी खेळणारा. आपल्या गावचा संघ हौशी आहे, म्हणजे तो कमी दर्जाचा आहे असे नव्हे. तो प्रेमाने खेळणाऱ्यांचा संघ आहे. मात्र एकदा प्रेमाचे नाव घेतले की प्रेमाची कसोटीही लागू होते. प्रेमाने खेळणारा समोरच्या माणसाशी कसा वागतो?

ख्रिस्तसभेला मैदान परके नाही. संत पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. करिंथकरांना पत्र लिहिताना पौलाने हीच उपमा घेतली आणि खेळाडू कोमेजणाऱ्या मुकुटासाठी संयम पाळतो, आपण तर न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावत आहोत, असे त्यांना समजावले (१ करिंथ ९:२४-२७). तुरीन शहरातील संत जॉन बॉस्को यांच्या मुलांच्या संस्थेत प्रार्थनामंदिराइतकेच खेळाच्या अंगणालाही महत्त्व होते. संत पोप जॉन पॉल दुसरे लहानपणी वादोविचे गावी फुटबॉल खेळत आणि गोल राखत. महाज्युबिलीच्या वर्षी, २९ ऑक्टोबर २००० रोजी, त्यांनी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये खेळाडूंसाठी मिस्सा अर्पण केला. पुढे १ जून २०१८ रोजी व्हॅटिकनने खेळाविषयी एक स्वतंत्र दस्तऐवजही प्रसिद्ध केला. अगदी अलीकडे, १५ जून २०२५ रोजी, खेळाडूंच्या ज्युबिलीच्या मिस्सामध्ये पोप लिओ चौदावे यांनी एका साध्या शब्दावर मनन केले. इटलीतील प्रेक्षक आपल्या खेळाडूला हुरूप देताना ‘दाय!’ असे ओरडतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘दे!’ खेळणे म्हणजे स्वतःचे काही देणे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. मोठ्या माणसांनी खेळावे. परंतु संत थॉमस त्यासाठी तीन अटी घालतात. पहिली, खेळात कोणाला अपाय होईल किंवा लाज वाटेल अशी कृती वा शब्द नसावेत. दुसरी, खेळताना मनाचा तोल पूर्णपणे जाऊ नये. तिसरी, खेळ हा व्यक्ती, वेळ आणि स्थळ यांना साजेसा असावा. या तीन अटी कोरड्या मैदानावर पाळणे फारसे अवघड नाही. त्यांची खरी परीक्षा ओल्या मैदानावर होते.

पावसाने काय बदलते?

ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नाही, त्यांच्यासाठी हे थोडे समजावून सांगितले पाहिजे. मैदान ओले झाले की पाय आणि जमीन यांच्यातील घर्षण कमी होते. धावणारा माणूस हवा तेव्हा थांबू शकत नाही. वळायला जातो तेव्हा पाय एकीकडे आणि अंग दुसरीकडे जाते. चेंडूचेही तेच. गवत आखूड आणि ओले असेल तर तो जमिनीवर टप्पा घेताच अधिक वेगाने सरकतो. पुढे डबके आले की मात्र जागच्या जागी थांबतो. गोलासमोरची जागा सर्वांत जास्त तुडवली जाते, म्हणून तेथेच सर्वांत जास्त चिखल असतो, आणि सर्वांत जास्त धडपडही तेथेच होते.

चेंडू डबक्यात थांबला की दोन्हीकडचे खेळाडू त्याच्यावर झेपावतात. कोणी जमिनीवर लोळण घेऊन पाय पुढे सरकवतो. कोरड्या जमिनीवर असा सरकलेला माणूस लवकर थांबतो. ओल्या जमिनीवर तो थांबत नाही. त्याचे सारे वजन, बुटासह, समोरच्याच्या घोट्यावर जाऊन आदळते. एकदा सरकायला लागल्यावर त्याच्या हाती काही उरत नाही. जो निर्णय घ्यायचा तो सरकण्यापूर्वीच घ्यावा लागतो. ही गोष्ट आपण नीट लक्षात ठेवू या, कारण पुढील सारा विचार तिच्यावर उभा आहे.

दुसरीकडे, पावसाने एक मोठी समानताही येते. उत्तम कसब असलेला तरुण आणि पोट सुटलेला गृहस्थ दोघेही सारखेच घसरतात. आपला स्वर्गीय पिता नीतिमान आणि अनीतिमान अशा दोघांवरही पाऊस पाडतो, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले (मत्तय ५:४५). मैदानावरही पाऊस कोणाची बाजू घेत नाही. ४ जुलै १९५४ रोजी बर्न शहरात विश्वचषकाचा अंतिम सामना भर पावसात झाला. हंगेरीचा संघ बलाढ्य होता. त्याने आधीच्या फेरीत पश्चिम जर्मनीला ८-३ असे हरवले होते आणि या सामन्यातही पहिल्या काही मिनिटांतच दोन गोल केले होते. तरीही पश्चिम जर्मनीने ३-२ असा विजय मिळवला. पाऊस दोघांवर सारखाच पडत होता. पण जर्मन खेळाडूंच्या बुटांचे खिळे काढून बदलता येत होते आणि चिखलासाठी त्यांनी लांब खिळे बसवले होते. विजयाची कारणे आणखीही असतील, परंतु एवढे खरे की पाऊस आपल्या हातात नसतो, पावसाची तयारी आपल्या हातात असते. आता तीन अटींकडे वळू या.

पहिली अट : कोणाला अपाय नको

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे किंवा कोणाचे नाव घेण्याची गरज नाही. १५ ऑगस्ट, म्हणजे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन. सकाळी मिस्सा झाला, झेंडावंदन झाले आणि दुपारी दरवर्षीप्रमाणे ‘लग्न झालेले विरुद्ध लग्न न झालेले’ असा सामना ठरला. सकाळपासून पावसाची झड लागली होती. छत्र्या घेऊन बायकामुले कडेला उभी होती. पहिला अर्धा डाव सगळे हसत होते. दुसऱ्या डावात गुण बरोबरीत आले आणि हसणे कमी झाले.

शेवटच्या काही मिनिटांत चेंडू डबक्यात थांबला. एक चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ तो उचलून मारायला गेला आणि बाजूने विशीतला एक तरुण धावत आला. अंतर बरेच होते. चेंडू आपल्याला मिळणार नाही हे त्याला दिसत होते, तरी त्याने लोळण घेतली. गृहस्थाचा उजवा घोटा मोडला. हा मनुष्य रिक्षा चालवून घर चालवीत होता. रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाने दाबावा लागतो. सहा आठवडे प्लास्टर आणि सहा आठवडे रिक्षा ताडपत्रीखाली. कर्जाचा हप्ता मात्र प्लास्टरमध्ये नव्हता.

त्या तरुणाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “पाऊस होता, पाय घसरला. मी काय करू?” लोकही म्हणाले, “खेळात असं व्हायचंच.”

हे उत्तर पुरेसे आहे काय? खेळाचे नियम प्रथम पाहू. फुटबॉलच्या बाराव्या नियमात चुकीच्या धडकेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली बेफिकिरीची, म्हणजे पुरेशी काळजी न घेता केलेली. त्यासाठी समोरच्या संघाला फ्री किक मिळते. दुसरी बेदरकारपणाची, म्हणजे समोरच्याला असलेला धोका किंवा त्याचा परिणाम यांची पर्वा न करता केलेली. त्यासाठी पिवळे कार्ड. तिसरी अतिरेकी जोराची, समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणणारी. त्यासाठी लाल कार्ड. येथे ‘मुद्दाम केले का?’ असा प्रश्न रेफरी विचारीत नाही. तुझ्या कृतीने समोरच्याचे काय होऊ शकते याचा तू विचार केलास का, एवढेच नियम पाहतो.

आता पवित्र शास्त्र पाहू. नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा घाल, नाहीतर कोणी खाली पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, अशी आज्ञा जुन्या करारात आहे (अनुवाद २२:८). खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात शेजाऱ्याचा बैल पडला, तर खड्डा खणणाऱ्याने भरपाई करावी, असाही नियम आहे (निर्गम २१:३३-३४). कठडा न घालणाऱ्याला कोणाला ढकलायचे नव्हते. खड्डा उघडा ठेवणाऱ्याचे बैलाशी वैर नव्हते. तरीही देव त्यांना जबाबदार धरतो, कारण पुढे काय होऊ शकते हे कळण्याजोगे होते. संत थॉमस यांनीही हाच विचार मांडला आहे. चुकून कोणाच्या हातून माणूस मेला तर तो दोषी आहे का, या प्रश्नावर ते म्हणतात की, योग्य काम योग्य काळजीने करणाऱ्याकडे दोष नाही, परंतु घ्यावयाची काळजी ज्याने घेतली नाही, तो दोषातून सुटत नाही.

म्हणून आपण भेद नीट करू या. पाय घसरणे हे पाप नव्हे. धावता धावता तोल जाऊन एखादा दुसऱ्यावर पडला, तर तो अपघात आहे आणि त्याबद्दल कोणी मनात अढी धरू नये. परंतु जमीन ओली आहे, एकदा सरकलो की थांबता येणार नाही आणि समोर दुसऱ्याचा पाय आहे, हे दिसत असताना घेतलेली लोळण हा पावसाचा दोष नव्हे. पाऊस शेवटी आला नव्हता, तो सकाळपासून होता. पावसाने त्या तरुणाची जबाबदारी कमी केली नाही, वाढवली.

आजच्या अभ्यासाचे सार हेच आहे. परिस्थिती निसरडी झाली की आपल्याला वाटते, आता आपली जबाबदारी हलकी झाली. खरे तर तेव्हाच ती जड होते. ओल्या मैदानावर समोरच्याचे शरीर काही अंशी आपल्या हवाली केलेले असते, कारण तो स्वतःला पूर्णपणे वाचवू शकत नाही. हे केवळ मैदानापुरते नाही. धंद्यात मंदी आहे म्हणून कामगाराचा पगार अडवणारा, घरात ताण आहे म्हणून मुलांवर हात टाकणारा, सगळेच करतात म्हणून जमिनीच्या व्यवहारात भावाला फसवणारा, हे सारे ‘पाऊस होता’ असेच म्हणत असतात. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या कृत्यांबरोबरच कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही कबुली देतो, ती याचसाठी.

दुसरी अट : मनाचा तोल

पायाचा तोल जातो तो क्षणभर. मनाचा तोल गेला तर मात्र तो कधी कधी वर्षभर परत येत नाही.

ओल्या मैदानावर मनाचा तोल जाण्याचे एक खास कारण असते. आपल्याकडे मैदानाच्या रेषा चुन्याने आखतात. जोराची सर आली की चुना वाहून जातो आणि अर्ध्या तासात रेषा दिसेनाशा होतात. चेंडू रेषेबाहेर गेला की आत होता? गोल झाला की नाही? रेफरी दूर असतो, पावसात त्यालाही नीट दिसत नाही. अशा वेळी खरे काय ते फक्त चेंडूजवळच्या खेळाडूला ठाऊक असते. नियमाप्रमाणे खेळल्याशिवाय खेळाडूला मुकुट मिळत नाही, असे संत पौलाने तिमथीला लिहिले (२ तिमथी २:५). नियमाची रेषा जमिनीवर दिसत असताना ती पाळणे सोपे आहे. ती धुऊन गेल्यावर जो पाळतो, त्याच्या अंतःकरणात ती आखलेली असते. सद्सद्विवेकबुद्धी म्हणजे दुसरे काय? “माझ्या पायाला लागून बाहेर गेला,” एवढे एक वाक्य मोठ्याने बोलणाऱ्या बापाने कडेला छत्री धरून उभ्या असलेल्या आपल्या मुलाला जे शिकवले, ते धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवायला आम्हांला फार वेळ लागतो.

रेफरीविषयीही एक शब्द. गावच्या सामन्यात रेफरी बहुधा आपल्यातलाच कोणीतरी असतो. तोही हौशी, तोही भिजलेला. त्याचा निर्णय चुकू शकतो. तरीही त्याला शिवीगाळ करणे, त्याच्या घराण्याचा उद्धार करणे, हे संत थॉमस यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही अटी मोडणे आहे. आणि प्रेक्षकहो, शब्द कडेने आला म्हणून तो कमी लागत नाही!

तिसरी अट : व्यक्ती, वेळ आणि स्थळ

चाळिशीतल्या माणसाने खेळावे, पण विशीतल्यासारखे खेळू नये. आठवडाभर न धावलेला माणूस अंग न तापवता एकदम मैदानात उतरला की त्याचा गुडघा त्याला वय सांगतो. आपण मिळवते आहोत आणि आपल्या पायांवर घर उभे आहे, याची जाणीव ठेवणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. ज्याला सुज्ञपणा म्हणतात आणि जो मूलभूत सद्गुणांमध्ये पहिला मोजला जातो, तो हाच.

वेळेविषयी. आकाशात गडगडाट ऐकू आला की खेळ ताबडतोब थांबवावा आणि सर्वांनी पक्क्या इमारतीत जावे. झाडाखाली उभे राहू नये. मोकळ्या मैदानात माणूसच सर्वांत उंच असतो, आणि वीज गुणसंख्या पाहत नाही. हवामान किंवा मैदानाची अवस्था पाहून सामना थांबवण्याचा अधिकार नियमानेच रेफरीला दिला आहे. तो त्याने वापरला तर त्याला भित्रा म्हणू नये. खेळ थांबवण्याचे धैर्य हे खेळत राहण्याच्या धैर्यापेक्षा कधी कधी मोठे असते.

स्थळाविषयी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो महापूर आपण विसरलेलो नाही. त्यानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर आणि जनावरे यांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून हा रोग पसरतो आणि पायावरील लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. म्हणून साचलेल्या पाण्यात अनवाणी खेळू नये. पायाला जखम असेल तर त्या दिवशी कडेला बसून टाळ्या वाजवाव्यात. खेळून झाल्यावर पाय स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावेत. पुढे ताप आला तर डॉक्टरांना ‘मी साचलेल्या पाण्यात खेळलो होतो’ हे आठवणीने सांगावे. मैदानात काचा, खिळे, दगड आहेत का हे सामन्यापूर्वी दोन्ही संघांनी मिळून पाहावे. चिखल झाल्यावर ते दिसत नाहीत.

सामना संपल्यावर

आता त्या रिक्षावाल्या गृहस्थाकडे परत जाऊ. तीन आठवडे त्याच्या घरी त्या तरुणांपैकी कोणीही गेले नाही. त्यांच्या मनात वैर नव्हते. संकोच होता, आणि ‘गेलो तर दोष कबूल केल्यासारखे होईल’ ही भीती होती. रविवारी तो कुबडी घेऊन मिस्साला येई आणि मागच्या बाकावर बसे. शांतीचे चिन्ह देताना तरुण पुढच्या बाकांवर एकमेकांना हात जोडीत. मागे वळून कोणी पाहत नसे.

चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात (लूक १०:२५-३७) वाटेवर पडलेल्या माणसाला ज्याने उचलले, तो त्याच्या लोकांपैकी नव्हता. आपण म्हणू शकतो की तो दुसऱ्या संघाचा होता. त्याने जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि शिवाय खर्चाचे पैसे दिले. दया ही हळहळण्यावर थांबत नाही, ती हप्त्यापर्यंत जाते. आणि लक्षात घ्या, त्या शोमरोन्याने तर त्या माणसाला जखमी केले नव्हते.

अखेरीस एका संध्याकाळी तो तरुण आपल्या आईबरोबर त्या घरी गेला. दार उघडणाऱ्या पत्नीने सरळ विचारले, “आता आलास?” तो खाली मान घालून उभा राहिला. आतून आवाज आला, “त्याला भिजवू नको, आत घे.” तरुण म्हणाला, “दादा, चेंडू मला मिळणार नाही हे दिसत होतं. तरी आलो.” या वाक्यात पावसाचे नाव नव्हते. खरा पश्चात्ताप असाच असतो. त्यात सबब गळून पडते. पुढे दोन्ही संघांनी मिळून दोन हप्त्यांचे पैसे जमवले. घोटा जुळला, तरी पावसात तो अजून दुखतो. क्षमा झाली म्हणून हाड पूर्ववत होते असे नाही. तरी त्या दोन घरांत आज जाणे-येणे आहे, आणि तीन आठवड्यांच्या मौनाने ते सहज कायमचे तुटले असते.

वेदीजवळ अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). प्रभूने येथे ‘तुझ्या मनात’ काही असेल तर, असे म्हटलेले नाही. ‘त्याच्या मनात’ काही असेल तर, असे म्हटले आहे. माझे मन स्वच्छ आहे, एवढे पुरत नाही. उठून जायचे आहे ते आपणच.

आपल्या धर्मग्रामातील संघांसाठी

वरील विचारांवरून आम्ही पुढील साध्या सूचना करीत आहोत. सामन्यापूर्वी दोन्ही संघांनी एकत्र प्रार्थना करावी आणि मैदान एकत्र तपासावे. मैदान ओले असेल तर लोळण घेऊन चेंडू काढायचा नाही, असे दोन्ही कर्णधारांनी आधीच ठरवावे. रेषा धुऊन जातात म्हणून कोपऱ्यांवर आणि कडेने झेंडे लावावेत. प्रथमोपचाराची पेटी आणि एखादे वाहन तयार ठेवावे. दरवर्षीच्या वर्गणीतून थोडी रक्कम जखमी खेळाडूच्या घरासाठी बाजूला काढावी. आणि कोणी जखमी झाला, तर त्याच दिवशी संध्याकाळी दोन्ही कर्णधारांनी त्याच्या घरी जावे. दोष कोणाचा हे ठरायची वाट पाहू नये.

समूहात मनन व चर्चेसाठी

१. संत थॉमस यांच्या तीन अटींपैकी कोणती अट आपल्या गावच्या खेळात सर्वांत जास्त मोडली जाते? का?

२. अनुवाद २२:८ वाचा. आपल्या घरात, धंद्यात किंवा रस्त्यावर वाहन चालवताना आपण कोणता ‘कठडा’ घालायचा राहिलो आहोत?

३. ‘पाऊस होता’ अशी कोणती सबब आपण अलीकडे दिली?

४. रेषा दिसत नसताना खरे बोललेला एखादा माणूस आपल्या पाहण्यात आहे का? त्याने काय गमावले आणि काय मिळवले?

५. आपण ज्याच्या घरी जायचे टाळतो आहोत, असे घर कोणते? या आठवड्यात तेथे कोण आणि कधी जाणार?

शेवटचा प्रश्न केवळ चर्चेसाठी नाही. त्याचे उत्तर पुढच्या रविवारी, शांतीचे चिन्ह देताना, द्यायचे आहे. तोवर पाऊस पडू द्या, मैदान भिजू द्या आणि आपल्या माणसांना आनंदाने खेळू द्या. नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडणारा आपला स्वर्गीय पिता तुमच्या पायांना बळ आणि मनाला तोल देवो. आमेन.